महिन्याचा किराणा : मापाचा हिशेब
(इयत्ता ६ वी व ७ वी : गणित – मोजमाप व व्यवहार)

तपासणीच्या निमित्ताने शाळाशाळांतून हिंडताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. नफा-तोटा, सरळव्याज, शेकडेवारी यांची उदाहरणे मुले फळ्यावर बिनचूक सोडवितात; परंतु "पाच माणसांच्या घराला महिन्याला तेल किती लागते?" असे विचारले की वर्ग गप्प होतो. मुलांचे राहो, पुष्कळदा आपणा शिक्षकांनाही ते सांगता येत नाही. "किराण्याला तीन-साडेतीन हजार जातात" अशी रक्कम आपण सांगतो. माप मात्र सांगू शकत नाही. महिन्याच्या आरंभी ठरविलेला खर्चाचा अंदाज वीस तारखेच्या आत का मोडतो, याचे एक मोठे कारण येथेच आहे. प्रस्तुत लेखात हा विषय वर्गात कसा शिकवावा याचे टाचण दिले आहे, आणि तो शिकविताना जपावयाची एक गोष्टही सांगितली आहे.

अंदाज का मोडतो?

किराण्याचा अंदाज बहुतेक घरांत रकमेचा असतो. गेल्या महिन्यात इतके गेले, या महिन्यात तितक्यातच भागवावयाचे, असा निश्चय केला जातो. परंतु रक्कम डब्यात दिसत नाही. डब्यात दिसते ती डाळ, दिसते ते तेल. पंधरा दिवसांत अर्ध्याहून अधिक तेल संपले तर ते रकमेच्या अंदाजात कोठेच उमटत नाही. डबा रिकामा झाला म्हणजेच कळते. तेव्हा दुकानात धाव घेतली जाते, आणि जे आणावयाचे त्याबरोबर जे आणावयाचे नव्हते तेही येते.

उलट, आपल्या आज्या-पणज्या पैशाचा हिशेब लिहीत नसत, पण मापाचा पक्का ठेवीत. चिपटे, मापटे, शेर, पायली ही मापे घराघरांत असत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हे कोष्टक न शिकलेल्या बाईसही मुखोद्गत असे. कणगीतून रोज किती धान्य काढावयाचे हे ठरलेले असे, म्हणून सुगीपर्यंत धान्य पुरेल की नाही हे तिला दोन महिने आधी कळे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, त्यामागोमाग किलोग्रॅम व लिटर आले आणि जुनी मापे अडगळीत गेली. नवी मापे अधिक अचूक व सोयीची आहेत यात शंका नाही. मात्र रोज मोजून काढण्याची सवय त्या चिपट्या-मापट्याबरोबर अडगळीत जावयास नको होती.

यावरून या पाठाचे सूत्र असे ठरते : प्रथम माप ठरवावे, नंतर रक्कम, आणि माप महिन्याचे न धरता दिवसाचे धरावे.

शाळेतील उदाहरण

हे सूत्र आपणास नवे नाही. शालेय पोषण आहाराची नोंद आपण रोज याच रीतीने ठेवतो. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे धान्य १०० ग्रॅम व डाळ २० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलामागे धान्य १५० ग्रॅम व डाळ ३० ग्रॅम असे प्रमाण ठरलेले आहे. पहिली ते पाचवीची ३८ मुले हजर असतील तर ३ किलो ८०० ग्रॅम धान्य व ७६० ग्रॅम डाळ काढावयाची, हे सांगावयास कागद लागत नाही. साठा किती दिवस पुरेल हेही आपण सांगू शकतो. शाळेचा हिशेब मापावर चालतो म्हणून जुळतो. घरचा रकमेवर चालतो म्हणून फसतो. पाठाची सुरुवात याच नोंदवहीपासून करावी, म्हणजे मुलांच्या नित्य परिचयाच्या गोष्टीवरून त्यांना नव्या गोष्टीकडे नेता येईल.

माझ्या हातून घडलेली चूक

टाचणाकडे वळण्यापूर्वी स्वतःची एक चूक सांगणे मला अगत्याचे वाटते.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका कोरडवाहू भागातील शाळेत मी सहावीचा वर्ग शिकवीत होतो. हिशेबाचा पाठ जीवनाशी जोडावा या उत्साहाने मी गृहपाठ दिला : "आपल्या घरच्या महिन्याच्या किराण्याची यादी लिहून आणा." दुसऱ्या दिवशी एकेकास उभे करून यादी वाचावयास लावली. एका मुलीने लांबलचक यादी वाचली. तीत बासमती तांदूळ होता, बदाम होते, साखर पाच किलो होती. वर्ग हसू लागला, कारण तिचे घर सर्वांच्या माहितीचे होते. मीही तिला, "यादी खरी लिहावी" असे सर्वांसमक्ष म्हणालो.

त्यानंतर दोन दिवस ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. तिची आई नुकतीच खुरपणीवरून आली होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, आमच्यात महिना कुठं असतोय? बाजारच्या दिवशी मजुरी हातात येती, तवा तेल आणायचं. महिन्याची यादी पोरीनं कुठनं आणावी?"

मुलगी चौथ्या दिवशी शाळेत आली. पण त्या वर्षात तिने वर्गात उभे राहून पुन्हा मोठ्याने काही वाचले नाही.

त्या माउलीच्या एका वाक्याने मला दोन गोष्टी शिकविल्या. पहिली ही, की मुलांच्या घरचा जमाखर्च वर्गात उघडा करण्याचा अधिकार शिक्षकास नाही. दुसरी ही, की महिना हे पगारदाराचे माप आहे. मजुराचे माप बाजारापासून बाजारापर्यंतचे असते. दोघांस समान असे एकच माप आहे, ते म्हणजे दिवस. दिवसाचे माप ठरले, की पगारदाराने त्यास ३० ने गुणावे आणि मजुराने ७ ने. खाली दिलेला पाठ याच विचारावर आधारलेला आहे.

पाठाचे टाचण

*उद्दिष्टे* : (१) दिवसाच्या वापरावरून आठवड्याची व महिन्याची गरज काढता येणे. (२) वजन व दर यांवरून किंमत काढता येणे. (३) भाव बदलल्यास एकूण खर्च आटोक्यात ठेवण्याचा मार्ग हिशेबाने शोधता येणे.

*साहित्य* : पोषण आहाराचा वजनकाटा, एक वाटी, एक चमचा, ज्वारी, शेंगदाणे, डाळ, रिकामी पाकिटे व तेलाच्या रिकाम्या पिशव्या. गावात कोणाकडे जुने चिपटे किंवा मापटे असल्यास तेही आणावे. एखाद्या आजीबाईंना वर्गात बोलावून त्यांच्याकडून ते माप कसे वापरीत हे ऐकविता आले तर फारच उत्तम.

*प्रस्तावना* : एकच वाटी प्रथम ज्वारीने, नंतर शेंगदाण्यांनी, नंतर डाळीने भरून प्रत्येक वेळी वजन करावे. वाटी तीच, वजन निरनिराळे, हे मुलांना स्वतः पाहू द्यावे. आकारमान व वजन यांतील भेद येथे शब्दांवाचून स्पष्ट होतो, आणि घरच्या वाटीने मोजावयाचे असेल तर प्रत्येक जिनसाचे वजन एकदा तरी करून ठेवले पाहिजे हेही कळते.

*हेतुकथन* : "आज आपण एका कुटुंबाचा महिन्याचा किराणा मोजून ठरवू या."

*विषयविवेचन* : कुटुंब कल्पित घ्यावे. आजी, आई, वडील व दोन मुले अशी पाच माणसे. पुढील मापे व दर मानलेले आहेत. दर शिक्षकांनी आपल्या बाजारातील घालावे.

धान्याचा हिशेब प्रथम करावा. रोजचा वापर सव्वा किलो, म्हणजे ३० दिवसांस साडेसदतीस किलो. हे कुटुंब प्राधान्य कुटुंब शिधापत्रिकेचे आहे असे मानू. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार माणशी ५ किलो याप्रमाणे त्यास २५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. उरलेले साडेबारा किलो विकत घ्यावे लागेल.

आता यादी फळ्यावर मांडावी :

ज्वारी : १२.५ किलो, दर ४० रुपये – ५०० रुपये
तूरडाळ : रोज १५० ग्रॅम, महिन्यास ४.५ किलो, दर १२० रुपये – ५४० रुपये
तेल : रोज १०० मिलिलिटर, महिन्यास ३ लिटर, दर १५० रुपये – ४५० रुपये
साखर : रोज १०० ग्रॅम, महिन्यास ३ किलो, दर ४५ रुपये – १३५ रुपये
चहापूड : रोज १५ ग्रॅम, महिन्यास ४५० ग्रॅम, दर किलोस ४०० रुपये – १८० रुपये
शेंगदाणे : रोज ५० ग्रॅम, महिन्यास १.५ किलो, दर १४० रुपये – २१० रुपये
मीठ : १ किलो – २५ रुपये
साबण : अंगाचा व कपड्यांचा – २१० रुपये

एकूण २,२५० रुपये झाले. येथे थांबून मुलांना विचारावे, "काही राहिले का?" चुणचुणीत मूल सांगेल, "गुरुजी, तिखट राहिले!" आणि येथेच पुष्कळ घरांचा अंदाज फसतो. मिरची-मसाला उन्हाळ्यात एकदम भरला जातो, पापड-लोणची त्याच दिवसांत होतात, दिवाळीचा फराळ दिवाळीत. ज्या महिन्यात ही खरेदी येते त्या महिन्याचा अंदाज कोलमडतो. म्हणून वर्षाच्या बेगमीचा बारावा भाग दर महिन्याच्या हिशेबात धरावा. मिरची-मसाला १,८०० रुपये, पापड-लोणची १,२०० रुपये, फराळ २,४०० रुपये, मिळून ५,४०० रुपये. त्यास १२ ने भागता दरमहा ४५० रुपये. ही रक्कम त्या महिन्यात खर्च न होता बाजूस ठेवावयाची आहे, हे मुलांस नीट समजावून द्यावे.

२,२५० व ४५० मिळून २,७०० रुपये होतात. कुटुंबाने किराण्यासाठी ३,००० रुपये ठरविले असतील तर ३०० रुपये, म्हणजे शेकडा १० इतकी रक्कम उरते. तिला "राखीव" म्हणावे. पाहुणा येणे, आजारपण येणे, भाव चढणे या गोष्टी अवचित येतात खऱ्या, पण कोणती ना कोणती येते हे निश्चित आहे. जे निश्चित येणार त्यासाठी अंदाजात जागा असलीच पाहिजे. भाजीपाला व दूध यांचा हिशेब निराळा ठेवावा, कारण तो रोजचा व हंगामाप्रमाणे बदलणारा असतो.

*उपयोजन १ – भाव चढला तर?* : तूरडाळ १२० वरून १६० रुपये झाली असे समजा. साडेचार किलोमागे १८० रुपये अधिक लागतील. राखीव रकमेतून ते देता येतील; पण भाव दोन महिने तसाच राहिला तर? मुलांना उपाय सुचवू द्यावेत. "डाळ कमी करू" असे बहुतेक मुले सांगतील. त्यांना आणखी एक मार्ग दाखवावा. हरभरा डाळ ८० रुपये किलो असेल, तर निम्मी तूरडाळ काढून तिच्या जागी हरभरा डाळ घ्यावी. सव्वादोन किलो तूरडाळीचे ३६० रुपये, सव्वादोन किलो हरभरा डाळीचे १८० रुपये, मिळून ५४० रुपये. खर्च पूर्वीइतकाच, आणि ताटातील डाळ एक ग्रॅमनेही कमी झाली नाही. वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटातून डाळ जाऊ नये, हे या उदाहरणाचे मर्म आहे. ज्याने केवळ रकमेचा अंदाज केला त्याला हा मार्ग दिसत नाही. तो पिशवी हलकी करून घरी येतो.

*उपयोजन २ – दहा रुपयांची पाकिटे* : रोज दहा रुपयांचे एक पाकीट घरात आले, मग ते बिस्किटांचे असो वा अन्य कशाचे, तर महिन्यास ३०० रुपये होतात. म्हणजे संपूर्ण राखीव रक्कम. येथे उपदेश करू नये. मुलाने बिस्कीट खाल्ले हा अपराध नव्हे. तो खर्च यादीत नव्हता, ही अडचण आहे. दर बाजारी ४० रुपयांचा खाऊ असे यादीत लिहिले, की चार बाजारांचे १६० रुपये होतात आणि कोणाचेही मन मोडत नाही.

दुसरा भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. २० ग्रॅम चहापुडीचे पाकीट १० रुपयांस मिळते असे मानू. म्हणजे किलोस ५०० रुपये पडले. ४५० ग्रॅम चहापूड एकदम घेणारास १८० रुपये पडतात. पाकिटे घेणारास २२५ रुपये. ज्याच्या हाती एकदम पैसा येत नाही त्यालाच अधिक किंमत मोजावी लागते, ही गोष्ट सातवीच्या मुलास कळू शकते व कळली पाहिजे. तिच्यावर उपायही आहे : दोन-तीन शेजारी घरांनी किंवा बचत गटातील बायकांनी मिळून मोठे पाकीट घ्यावे व काट्यावर वाटून घ्यावे. हे वाटपाचे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे.

*उपयोजन ३ – पाकीट वाचणे* : पाकिटावर निव्वळ वजन व कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, ती मुलांकडून वाचवून घ्यावी. तेलाच्या सर्व पिशव्या एक लिटरच्याच असतात असे समजू नये. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. एका पिशवीत १ लिटर तेल असून किंमत १५० रुपये आहे, दुसरीत ८५० ग्रॅम असून किंमत १४५ रुपये आहे, स्वस्त कोणती? पहिली १०० ग्रॅमला सुमारे १६ रुपये ४८ पैसे पडते, दुसरी १७ रुपये ६ पैसे. पाच रुपयांनी स्वस्त दिसणारी पिशवी प्रत्यक्षात महाग आहे.

बाजाराच्या दिवशी ताळा

अंदाज लिहिला म्हणजे पाळला गेला असे होत नाही. त्याचा ताळा पाहावा लागतो, आणि तो महिनाअखेर पाहून उपयोग नाही. तीस तारखेस चूक कळली तर ती सुधारावयास दिवस उरत नाहीत. म्हणून आठवडे बाजाराचा दिवस हा ताळ्याचा दिवस ठरवावा. त्या दिवशी मोठ्या डब्यातून सात दिवसांचे तेल, डाळ व साखर लहान डब्यात काढावी. वरील यादीप्रमाणे तेल ७०० मिलिलिटर, साखर ७०० ग्रॅम, डाळ १ किलो ५० ग्रॅम. लहान डबा बाजाराआधी संपला तर किती दिवस आधी संपला एवढेच वहीत लिहावे. दोन दिवस आधी संपला असेल तर एक तर माप कमी धरले गेले, नाही तर वापर वाढला. दोहोंपैकी काय झाले ते पाहून पुढचा आठवडा सावरता येतो.

ज्या घरी दुकानात उधारीची वही असते त्या घरी आपलीही एक वही असावी. दुकानदार अडीनडीला उभा राहतो. पाऊस लांबला, दवाखाना निघाला, तरी तो माल देतो. त्याच्यावर अविश्वास दाखविण्याचे हे साधन नव्हे. परंतु जो हिशेब एकाच बाजूने लिहिला जातो तो दोघांनाही जाचतो. दर बाजारी दोन्ही वह्या ताडून पाहिल्या की दोघांचाही संबंध गोड राहतो. सातवीतील मूल ही वही सहज लिहू शकेल. मुलीच नव्हे, मुलांनीही ती लिहावी व डबे भरताना माप धरावे, असा आग्रह शिक्षकांनी ठेवावा.

हा प्रयोग स्वतःच्या घरी करून पाहिल्याशिवाय वर्गात नेऊ नये, असे माझे सांगणे आहे. आमच्या घरी पहिल्याच महिन्यात तेलाचा लहान डबा पाचव्या दिवशी संपला. मी वापरावर बोट ठेवू लागलो, तेव्हा सौ.ने शांतपणे विचारले, "तुम्ही माप धरलंत ते तुमच्या आठवणीतलं की माझ्या हातचं?" मी तिला न विचारताच माप ठरविले होते. दुसऱ्या महिन्यात तिने ठरविलेल्या मापाने डबा बाजारापर्यंत पुरला. जो स्वयंपाक करतो त्याला विचारल्यावाचून केलेला अंदाज कागदावरच राहतो, हा धडा मला वयाच्या चाळिशीनंतर मिळाला.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

१. कोणत्याही मुलास घरची यादी, घरचा खर्च वा घरची उधारी वर्गात सांगावयास लावू नये. उदाहरणे कल्पित कुटुंबाचीच घ्यावीत.
२. प्रत्येक उदाहरण ३० दिवसांसाठी व ७ दिवसांसाठी असे दोन्ही प्रकारे सोडवून घ्यावे.
३. दर स्थानिक बाजारातील घ्यावेत व दर तीन महिन्यांनी बदलावेत.
४. कोणत्या घराने काय खावे यावर शेरा मारू नये. शिकवावयाचे आहे ते मोजणे.

स्वाध्याय

१. पाच माणसांस रोज १०० ग्रॅम साखर लागते. त्याच प्रमाणात चार माणसांस ३० दिवसांस किती लागेल? (उत्तर : २ किलो ४०० ग्रॅम)
२. एका डब्यावर १५ किलो, दुसऱ्यावर १५ लिटर असे लिहिले आहे. दोन्हींत खाद्यतेल आहे. दुसऱ्यातील तेलाचे वजन सुमारे किती? ते पहिल्यापेक्षा किती कमी? (उत्तर : १३ किलो ६५० ग्रॅम, १ किलो ३५० ग्रॅम)
३. साखरेचा रोजचा वापर १०० ग्रॅमवरून ८० ग्रॅम केला. दर ४५ रुपये किलो असता ३० दिवसांच्या महिन्यास किती बचत होईल? (उत्तर : २७ रुपये)
४. सहावी-सातवीची ४२ मुले हजर आहेत. पोषण आहारासाठी धान्य व डाळ किती काढावी? (उत्तर : ६ किलो ३०० ग्रॅम, १ किलो २६० ग्रॅम)
५. एका घरी दर बाजारी ६५० रुपये किराण्यास मिळतात. पाठातील यादीवरून तेल, डाळ व साखर यांचे सात दिवसांचे माप व किंमत काढा. उरलेल्या रकमेत कोणत्या जिनसा बसतील ते गटात चर्चा करून ठरवा.

शेवटच्या उदाहरणास एकच उत्तर नाही. गटागटांची उत्तरे निरनिराळी येतील, आणि ती तशीच फळ्यावर लिहावीत. त्यांतील एखादे उत्तर कोणा मुलाच्या स्वतःच्या घरचे असेल. ते कोणाचे हे कोणी विचारणार नाही, आणि ते मूल आपले उत्तर मोकळ्या आवाजात वाचील. तेवढे झाले तरी हा पाठ साधला असे समजावे.